मुक्या राजाचा प्रॉम्प्टर

सोमवार, १३ फेब्रुवारी १९११

आज सकाळी साडेदहाच्या सुमारास, पॅरिस शहरात, शांततेच्या काळात, पोलीस, न्यायालयं आणि संसदेची दोन्ही सभागृहं नीट चालू असताना, माझी उशी चोरीला गेली.

भावी इतिहासकारांच्या सोयीसाठी वर्णन देऊन ठेवतो. रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा. कापड मखमल, म्हणजे एके काळी मखमल. डाव्या कोपऱ्यात वाइनचा डाग. मधोमध बावीस वर्षांत पडलेला खळगा, जो माझ्याखेरीज कुणाच्याही अंगाला बसणार नाही. आमच्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत एक भोक आहे, त्यावर कासवाच्या पाठीसारखा लाकडी टोप आहे, टोपाखाली खुर्ची, खुर्चीवर ही उशी, आणि उशीवर मी. प्रोस्पेर वाद्रो, प्रॉम्प्टर, वय एकोणपन्नास. प्रेक्षकांना मी दिसत नाही. नटांना मात्र, पद्य विसरलं की, देवाच्या आधी मी दिसतो. राजे माझ्या नाकापुढे मरतात, राण्या माझ्या डोक्यावर विष सांडतात, आणि मी बारा अक्षरांची ओळ सहा-सहा अशी तोडून त्यांच्या पायांशी ठेवत राहतो. या सेवेबद्दल मी राष्ट्राकडे पदक मागितलं नव्हतं. उशी मागितली होती.

मॅनेजर फ्लोरिमों यांच्याकडे तक्रार नेली. ते म्हणाले, "वाद्रो, निम्म्या खुर्च्या रिकाम्या जातायत, आणि तू उशी घेऊन आलास?"

"घेऊन आलो असतो तर तक्रार कशाला केली असती?"

संशयित पुढीलप्रमाणे. एक, ओर्तांसबाई, नाटकातल्या राजाचे कपडे सांभाळतात. त्यांच्या हातात सुई असते आणि हल्ली माझ्याकडे बघताना नजरेत दया, आणि मला दोन्हींची भीती वाटते. दोन, थिएटरची मांजर. तीन, बाकीचे सगळे.

मांजरीला सोडून दिलं. तिला माझी जागा नको आहे. बाकीच्यांचं सांगता येत नाही.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

खुर्चीच्या खिळ्यावर बसून 'आर्सिदोर' पार पाडलं. अडीचशे वर्षं जुनं नाटक, सतराशे बेचाळीस ओळी, या देशातल्या प्रत्येक पोरानं छड्या खात पाठ केलेलं. राजा आर्सिदोर गर्वापायी धाकट्या भावाला, लिकासला, हाकलून देतो आणि शेवटी सगळं गमावून त्याच्याच बंद दाराशी चौसष्ट ओळी हाका मारतो. दार उघडतं तोवर राजा मेलेला असतो. राजा म्हणजे ऑक्ताव्ह रोशब्रून. मी भोकात उतरलो त्या दिवसापासून दुसरा कुणी नाही. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणतो.

आमच्या थिएटरचा एक रिवाज आहे, पडद्याहून जुना. नटाला प्रॉम्प्टरनं शब्द दिला, तर खेळ संपल्यावर समोरच्या दुकानात नटानं त्याला पांढऱ्या वाइनचा एक पेला पाजायचा. नटानं शब्द मागितला आणि प्रॉम्प्टरनं दिला नाही, तर पेला प्रॉम्प्टरवर. मी आजवर एकही पाजलेला नाही. आणि मास्तरांकडून मला मिळालेले पेले, या हिवाळ्यापर्यंत, एकूण सात.

या हिवाळ्यात एकोणीस.

आज एका खेळात तीन. तिसऱ्या अंकात, जी ओळ त्यांनी तापात बरळतानासुद्धा बिनचूक म्हटली असती, तिथे ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मी शब्द दिला. तरी थांबून राहिले, आणि मग कुठे उचलला. वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "प्रॉम्प्टरला उठवा रे!"

मी काही कालचा पोर नाही. असा माणूस विसरत नसतो. तो थांबतो. आणि अशा बेतानं थांबतो, की शब्द उशिरा आला असं सगळ्यांना वाटावं. शेजारच्या थिएटरनं गेल्या वर्षी प्रॉम्प्टरला घरी पाठवून भोकावर फळ्या ठोकल्या. आमच्याकडे फळ्या मोजायचं काम सुरू झालेलं दिसतं.

पेला पुढे सरकवत मास्तर म्हणाले, "तू आहेस म्हणून बरं आहे, प्रोस्पेर."

काटा काढायच्या आधी माणूस असंच गोड बोलतो.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

फळ्या आल्या. पद्यनाटकं बंद, निदान उन्हाळ्यापर्यंत. 'आर्सिदोर'चा मूकपट होणार.

मूकपटवाल्याचं नाव लेपिक. पूर्वी सायकली विकायचा. अजूनही समोर येईल त्या गोष्टीकडे ती उतारावर किती वेगानं जाईल अशा नजरेनं बघतो.

"किती ओळी आहेत म्हणालात?"

"सतराशे बेचाळीस," मी म्हणालो.

"वा! आपण अकरा पाट्या करू."

"कसल्या पाट्या?"

"पडद्यावरच्या. 'राजा रागावतो.' 'राजा पस्तावतो.' मधे नट हातवारे करतील. लोकांना कळतं हो."

मी मास्तरांकडे बघितलं. माझी अपेक्षा होती की ते उठतील, झगा खांद्यावर टाकतील आणि या सायकलवाल्याला सहा-सहा अक्षरांत जिन्याखाली पाठवतील. ते बसून राहिले. मग हळू म्हणाले, "शब्द प्रोस्पेर कापेल. दुसऱ्याचा हात लागता कामा नये. आणि चित्रीकरणाच्या वेळी तो माझ्या समोर बसेल. मी प्रत्येक ओळ म्हणणार आहे."

"मूकपटाला प्रॉम्प्टर?" लेपिक हसला. "मास्तर, ऐकणार कोण?"

"मी," मास्तर म्हणाले.

सगळे हसले. मॅनेजरसुद्धा. मी हसलो नाही. ज्याला गाडायचं त्याच्याच हातात फावडं द्यायचं, वर त्यानं खणताना समोर बसायचं. एवढा बारकाईनं केलेला अपमान मी दुसरा पाहिलेला नाही.

नाही म्हणावं असं तीनदा मनात आलं. पण एकोणपन्नासाव्या वर्षी भोकातल्या माणसाला उजेडात कोण काम देतं?

रविवार, ५ मार्च

कापतो आहे. शंभर ओळींचा दूतसंवाद होता, वादळाचा, ज्यात समुद्र सोळा ओळी नुसता श्वास घेतो. त्याची पाटी झाली: 'वाईट बातमी.'

शेवटच्या प्रवेशाशी अडलो. पहिल्या दोनच ओळी लिहून तासभर बघत बसलो.

उघड लिकास, दारी भाऊ उभा;
मुकुट नाही रे, हात फक्त रिते.

लेपिकची सूचना: 'राजा हाक मारतो.' काय बोलणार? मारतोच.

समोरच्या खोलीतल्या क्लेमांस कॉफी घेऊन आल्या. त्या हातमोजे शिवतात. पाचव्या वर्षी तापात कान गेले. शाळेत ओठ वाचायला शिकल्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्या गुपितंही बाजारात ओरडल्यासारखी सांगतात. दर रविवारी सिनेमाला जातात, आणि मूकपट म्हटलं की त्यांना राग येतो.

"कसला मूक! सगळे बोलत असतात की. तुम्हालाच ऐकू येत नाही."

"काय बोलतात?"

"गेल्या रविवारी एक रोमन सेनापती बायकोच्या मांडीवर मेला. मरताना तिला म्हणाला, कोपर काढ गं, बरगडीत रुततंय. लोक हुंदके देतायत आणि मी हसतेय. शेजारच्या बाईनं मला पिशवी मारली."

मी पुष्कळ दिवसांनी हसलो. मग हसू थांबलं. म्हणजे मास्तर कॅमेऱ्यासमोर खरोखर पद्य म्हणतात की माझ्या नावानं खडे फोडतात, हे कळायची सोय आहे तर.

मंगळवार, १४ मार्च

चोर सापडला.

स्टुडिओ म्हणजे शहराबाहेरच्या एका अंगणातलं काचेचं भलंमोठं घर, टोमॅटो लावावेत तसं. ऊन असेल तोवर काम. एकाच छपराखाली तीन सिनेमे शेजारी शेजारी: डावीकडे सुतार किल्ला ठोकतायत, उजवीकडे एक जाडा माणूस दर पाच मिनिटांनी पिठाच्या पिंपात पडतो, आणि मधे आमची शोकांतिका. लाल रंग फिल्मवर काळा उठतो म्हणून राजाचा लाल झगा राखाडी शिवलाय आणि राजाचं तोंड पिवळं रंगवलंय. काविळीनं आजारी सम्राट.

आणि कॅमेऱ्याच्या तिपाईखाली, जमिनीवर, माझी उशी.

"ही इथे कशी?" मी विचारलं.

"मी आणली," मास्तर म्हणाले. अगदी सरळ, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. "बस."

"सही करायच्या आधीच घेऊन आले होते," लेपिक म्हणाला. "आधी जागा ठरवली, मग करार. करारात आहे बघा: प्रॉम्प्टर वाद्रो, कॅमेऱ्याखाली, उशीसह."

माझी उशी, माझ्या नकळत, माझ्या आधी करारात! स्वतःचे गुडघे टेकायला आणली असणार. शेवटच्या प्रवेशात राजा गुडघ्यांवर येतो. पकडले गेल्यावर मोठेपणानं मला बसायला दिली.

बसलो. डोक्यावर कॅमेऱ्याची चक्की घरघरतेय, आणि मी ओळी देतोय. सुतार ठोकायचे थांबून बघायला लागले.

"ओ उशीवाले," एकजण म्हणाला, "जरा मोठ्यानं, फिल्मला ऐकू जात नाहीये!"

मास्तरांनी मात्र डोळे माझ्या तोंडावरून हलवले नाहीत. ओळ घ्यायची, म्हणायची, पुन्हा माझ्याकडे. तान्ह्या पोराला चमच्यानं भरवावं तसं पूर्ण प्रवेशभर. माझी इतकी थट्टा होतेय आणि त्यांना ती लांबवायची आहे, याखेरीज याचा काय अर्थ काढायचा?

बुधवार, २२ मार्च

एक दाढीवाला गृहस्थ आठवड्यातून दोनदा मास्तरांच्या खोलीत येतो. काळी बॅग. ओर्तांसबाई दार लावून घेतात. आज नीट लागलं नव्हतं.

दाढीवाल्यानं फणी उचलून दाखवली. "हे काय?"

"फणी," मास्तर म्हणाले.

मग किल्ली. "आणि हे?"

मास्तर किल्लीकडे बघत राहिले. मग त्यांनी हात उचलला, हवेत मनगट फिरवलं, आणि आईशप्पथ, मला कुलुपातला खटका ऐकू आला. "दाराचं," ते म्हणाले. "दाराचं... हे."

"ठीक आहे," दाढीवाला म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

आता सगळं उजेडात आलं. हा मूकाभिनयाचा शिक्षक! वस्तूचं नाव न घेता वस्तू दाखवायची. म्हणजे आमचा हा राजा गुपचूप बिनशब्दांचं नाटक शिकतोय. पुढच्या मोसमात ना ओळी, ना भोक, ना प्रॉम्प्टर.

अभिनय उत्तम होता, हे मात्र लिहून ठेवलं पाहिजे. अख्ख्या 'आर्सिदोर'मध्ये त्यांनी असं दार कधी उघडलं नव्हतं.

सोमवार, ३ एप्रिल

उद्या शेवटचा प्रवेश. आज झग्यांच्या पडद्यामागे मास्तर आणि ओर्तांसबाई बोलत होते. मी मुद्दाम ऐकलं नाही. फक्त तिथून हललो नाही.

"सांगून टाका ना त्याला," ओर्तांसबाई म्हणाल्या.

"उद्याचं झाल्यावर. प्रोस्पेरला आधी कळता कामा नये. कळलं की तो माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल, आणि मग माझं काम संपलं."

"आणि त्याचं?"

"त्याचंही."

बावीस वर्षं. सांगतील तेही हसत, पेला पुढे सरकवत.

मंगळवार, ४ एप्रिल

मी आज बसलो नाही.

लेपिकनं कॅमेरा, तिपाई, सगळं मांडलं. बंद दार उभं केलं. उजवीकडे आज पिठाऐवजी कुत्र्यांची शर्यत होती. तीस कुत्रे, तीसही भुंकणारे. मास्तर दारापाशी उभे राहून उशीकडे बघत होते. मी पोथी मिटली, उशीवर ठेवली आणि म्हणालो, "मूकपट आहे ना? मग होऊ द्या मूक."

"वाद्रो, वेडेपणा करू नका, ऊन जातंय!" लेपिक ओरडला.

मी मागे न बघता अंगणात गेलो आणि पाव आणि सॉसेज खाल्लं. सॉसेज खारट होतं. मला छान वाटत होतं. अर्धा तास तरी छान वाटलं.

परत आलो तर लेपिक टोपीनं डोळे पुसत होता. चक्की फिरवणारा माणूस भिंतीला टेकून बसला होता. "असं काही मी बघितलेलं नाही," लेपिक म्हणाला. "दाराशी उभे राहिले आणि मग दाराकडे बघायचं सोडून सरळ कॅमेऱ्याखाली बघायला लागले. हात पसरले. गुडघ्यांवर आले. काय मागत होते कळेना, पण असं मागत होते की... कुत्र्यांपायी एक अक्षर ऐकू आलं नाही. बरंच झालं. शब्दांनी वाट लावली असती."

म्हणजे माझ्यावाचून अडलं नाही. हेच सिद्ध करायचं होतं ना, मास्तर? झालं.

मास्तर झगा न काढता बाहेर बाकावर बसले होते. पिवळ्या रंगावर घामाचे ओघळ. मी समोरून चाललो तेव्हा म्हणाले, "प्रोस्पेर. आज पेला तुझ्यावर."

"सिनेमात कसला पेला?" मी म्हणालो. "जिथे शब्दच ऐकू जात नाही तिथे चुकणार काय?"

त्यांनी मान हलवली, जणू मुद्दा योग्य आहे. ओर्तांसबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की सुई परवडली.

बुधवार, ५ एप्रिल

कुणी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. उशी घरी आणली.

गुरुवार, ११ मे

पहिला खेळ. मी क्लेमांसना घेऊन गेलो. हेतू स्वच्छ होता, म्हणजे स्वच्छ वाईट: मास्तर पडद्यावर काय काय बरळलेत ते मला शब्दशः हवं होतं. पुढेमागे भांडण झालंच तर पुरावा असावा.

सात वाद्यं वाजत होती. क्लेमांस पहिल्या भागात कुजबुजत राहिल्या, म्हणजे तीन रांगांना ऐकू गेलं. "राणी म्हणते, पंख्याचा वारा लागतोय... सेनापती म्हणतो, जेवायला कधी सुटणार... तुमचे मास्तर तेवढे कविता म्हणतायत. एकेक शब्द. स्वच्छ."

मला जरा निराशाच वाटली.

मग पाटी आली: 'राजा हाक मारतो.' दार. मास्तर दाराकडे बघतात, आणि मग वळून थेट आमच्याकडे. सगळ्या प्रेक्षागृहाला वाटलं, माझ्याकडेच बघतोय. मला वाटायची गरज नव्हती. मला माहीत होतं तिथे कोण असायला हवं होतं. हात पसरले. तोंड उघडलं. पुढच्या रांगेतली बाई रडायला लागली, मग तिचा नवरा.

क्लेमांस पडद्याकडे वाकल्या.

"काय म्हणतायत?" मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन विचारलं.

त्यांनी माझा दंड धरला. दिवे लागले, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, कुणी म्हणालं भावासाठी अशी हाक कुणी मारली नसेल. आम्ही पायऱ्यांवर आलो तेव्हा मी पुन्हा विचारलं. पहिल्यांदाच त्या खरोखर हळू बोलल्या. कसं जमलं कोण जाणे.

"कविता म्हणत नव्हते. 'शब्द दे' म्हणत होते. 'पुढचा शब्द दे. कुठे गेलास? मला काही आठवत नाही. शब्द दे.'" मग थांबल्या. "आणि तुमचं नाव. सारखं तुमचं नाव."

"लिकास म्हणाले असतील," मी म्हणालो. "भावाचं नाव आहे नाटकात."

"लिकास म्हणा बघू."

म्हणालो.

"ओठ मिटले? नाही ना? त्यांचे दोनदा मिटत होते."

शुक्रवार, १२ मे

दुपारच्या खेळाला एकटा गेलो. संध्याकाळच्याही.

प्रोस्पेर. दोनदा मिटतात. मी आरशात करून बघितलं.

मधल्या वेळात थिएटरवर गेलो. ओर्तांसबाई राखाडी झगा उसवत होत्या. मी विचारलं, "तो दाढीवाला कोण?"

"डॉक्टर."

"कधीपासून?"

"ऑक्टोबर. आधी ओळी जायला लागल्या. मग वस्तूंची नावं. स्टेजवर एक दिवस लोकांसमोर पूर्ण थांबतील, आणि लोक हसतील, याची त्यांना भीती होती. म्हणून स्वतः गेले त्या लेपिककडे. जिथे विसरलं तरी कुणाला ऐकू जाणार नाही अशी एकच जागा आहे, म्हणाले. फक्त प्रोस्पेर समोर पाहिजे. तो असला की अजून येतं." त्यांनी दातानं दोरा तोडला. "तुम्हाला खरंच कळलं नव्हतं? अहो, ते अडखळायच्या आधी तुम्हाला कळायचं. बावीस वर्षं तोच तर तुमचा धंदा."

मी म्हणालो, मला वाटलं ते मला काढून टाकतायत.

"तुम्हाला!" ओर्तांसबाई म्हणाल्या. दया नव्हती आता नजरेत. तीही गेली.

उशीबद्दल काही विचारलं नाही. करारात आहेच.

सोमवार, १५ मे

दुपारी समोरच्या दुकानात मास्तर ओर्तांसबाईंबरोबर बसले होते. साधा कोट, दाढी नीट केलेली. वर्तमानपत्रात त्यांच्यावर दोन रकाने आलेत: मौनाचा सम्राट, शब्दांना मागे टाकणारा नट वगैरे. ओर्तांसबाईंनी ते घडी करून बशीखाली ठेवलं होतं.

मी काउंटरवर गेलो, एक पांढरी वाइन मागितली आणि पेला स्वतः नेऊन मास्तरांसमोर ठेवला. दुकानदारानं मान वर करून बघितलं. मी इथे कुणासाठी पेला नेताना त्यानं पाहिलेलं नाही.

मास्तरांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तीच नजर. थोडी खाली झुकलेली; बावीस वर्षं त्यांनी मला पायांशीच बघितलं होतं. मी खुर्ची ओढली आणि बसलो, म्हणजे बरोबर उंचीवर आलो.

"हा कशाचा..." ते म्हणाले आणि थांबले. बोट पेल्याकडे. "हा कशाचा..."

ओर्तांसबाई तोंड उघडणार होत्या. मी हातानं थांबवलं. एक श्वास थांबायचं असतं. घाई केली की नटाला लागतं, उशीर केला की लोकांना कळतं. मग ओठ जेमतेम हलवून, त्यांनाच ऐकू जाईल एवढ्यानं, मी दिला.

"पेला."

"हा कशाचा पेला?" मास्तरांनी विचारलं. पूर्ण आवाजात, राजाच्या.

"चार एप्रिलचा."

चार एप्रिल त्यांना सापडला की नाही, मला कळलं नाही, आणि माझ्या समजुतीवर माझा आता फारसा विश्वास राहिलेला नाही. मग त्यांनी पेला उचलला, एक घोट घेतला.

"कोमट आहे," ते म्हणाले. "बावीस वर्षांत पहिला, आणि तोही कोमट."

सगळा संपवला. रिवाजाप्रमाणे आता एक पेला त्यांच्यावर लागू होत होता, आत्ताच दिलेल्या शब्दाचा. ते खिशात हात घालायला लागले. मी त्यांचा रिकामा पेला उचलून काउंटरवर नेऊन ठेवला, आणि तो शब्द मोजला नाही.